रोल संपवायला काढलेले फोटो

‘स्नॅपशॉट’ हा मूळचा शिकाऱ्यांचा शब्द. नेम न धरता घाईत झाडलेली गोळी. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८६० मध्ये तो फोटोला लावला, तेव्हा कॅमेरा तिवईवर असायचा आणि फोटो काचेवर उमटायचा. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तीही असंच सगळं लटांबर बाळगणाऱ्या हौशी मंडळींची.

अमेरिकेच्या जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा आणला. आत शंभर फोटोंचा रोल. तो संपला की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी आला आणि ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा दिसू लागला. जाणकारांनी नाकं मुरडली, ‘कलात्मक’ फोटोग्राफीची मंडळं निघाली. गंमत म्हणजे त्याच गोटातल्या आल्फ्रेड स्टिग्लिट्झने त्याआधीच, फेब्रुवारी १८९३ मध्ये, साधा हातातला कॅमेरा घेतला आणि न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर हिमवादळात तीन तास उभं राहून हवा तो फोटो मिळवला. फरक कॅमेऱ्याचा नव्हता, त्या तीन तासांचा होता.

आमच्या ठाण्यातल्या, नौपाड्याच्या घरी आगफा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. एवढी काटकसर म्हणजे प्रत्येक फोटो विचार करून निघाला असेल असं वाटतं, पण कसलं काय! सगळे ओळीत, आत्या पदर सारखा करतेय, ‘हलू नका’ म्हणून दटावणी. पुढे छत्तीसचा रोल आला, तरी ओळ तीच. अल्बममध्ये मी आज थांबतो ते वेगळ्याच फोटोंपाशी. रोल धुवायला टाकायचा म्हणून बाबांनी उरलेले दोन-तीन फोटो कसेतरी संपवलेले असत: गॅलरीतून दिसणारी ओली गल्ली, ताडपत्री घातलेली स्कूटर, कुकरची शिटी मोजत उभी असलेली आई. यात विचार होता असं मी म्हणणार नाही. पण कुणी पोझ दिली नव्हती, एवढं खरं.

डिजिटल आलं आणि रोल संपायची धास्ती गेली. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर जितकी माणसं तितके मोबाइल वर. मीही त्यातलाच. ऐरोलीच्या किनाऱ्यावरून पहिल्या वर्षी फ्लेमिंगोंचे हजारो फोटो काढले. घरी पाहिलं तर चिखलावर गुलाबी ठिपके.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत जागा. पण फोटोचं गणित त्याहून जुनं आहे. ओहोटीला पक्षी दूर चिखलात पांगतात. पाणी चढू लागलं की कडेला सरकतात. ऐरोली ही खाडीच्या पूर्व काठावर, म्हणून सकाळी ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर. संध्याकाळी तिथूनच नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात. तेव्हा सकाळची चढती भरती हवी. कोळ्यांचा आडाखा असा: तिथीला पाऊणने गुणा, साधारण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. म्हणजे द्वादशीला सातपर्यंत किनाऱ्यावर पोचायचं आणि पाणी वर येईपर्यंत कॅमेरा गळ्यातच ठेवायचा.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर हल्ली दशमी ते द्वादशी मी पेन्सिलीने खुणा करतो. आईचा समज झालाय, मी एकादशी धरायला लागलो.