गोणीतला मटार, पिशवीतला मटार

डिसेंबरच्या सकाळी मंडईत नुकत्याच उतरवलेल्या मटारच्या गोणीत कोपरापर्यंत हात घालून बघा. बाहेर अंगावर स्वेटर असतो, पण गोणीच्या पोटात चक्क ऊब लागते. व्यापारी म्हणतात, ‘माल तापलाय.’ आपण ज्याला ताजी भाजी म्हणतो, तिच्याबद्दलची सगळी गोष्ट त्या उबेत आहे. ताजा मटार चांगला की पिशवीतला गोठवलेला, या भांडणाचं उत्तरही तिथूनच सुरू होतं.

शेंग वेलीवरून तोडली म्हणून मरत नाही. तिचा श्वास चालूच राहतो. दाण्यातली साखर जळत राहते आणि त्यातून उष्णता सुटते. शेकडो शेंगा एका गोणीत कोंबल्या की ती उष्णता बाहेर पडायला जागा नसते. गोणी तापली की श्वास आणखी जोरात, आणि साखर आणखी लवकर संपते. शिवाय मटार हे शेवटी बी आहे. पुढच्या रोपासाठी शिदोरी बांधणं हे त्याचं काम, म्हणून उरलेल्या साखरेचं तो पिठात, म्हणजे स्टार्चमध्ये, रूपांतर करत राहतो. दाणा गोडाचा पिठूळ होतो तो असा. आमच्याकडे एकदा एकाच किलोतल्या अर्ध्या शेंगा आल्या आल्या सोलल्या आणि अर्ध्या ओट्यावर तशाच दीड दिवस ठेवल्या. डोळे मिटून चाखल्या तरी फरक कळत होता. मुलांनी पहिली वाटी रिकामी केली, दुसरीची उसळ झाली.

पावसाळ्यात पुण्याला पुरंदरचा वाटाणा मिळतो, तो जवळचा. हिवाळ्यातला बराचसा माल परराज्यातून येतो. जबलपूरकडून निघालेली गोणी हजारेक किलोमीटर ट्रकमध्ये श्वास घेत येते. मग मार्केट यार्ड, किरकोळ विक्रेता, हातगाडी, आपला फ्रिज. म्हणजे ‘ताजा’ हे घड्याळ आपण चालू करतो विकत घेतल्यापासून, आणि मटाराचं घड्याळ चालू झालेलं असतं तोडणीपासून.

गोठवणारा कारखाना हेच घड्याळ थांबवतो. दाणे किती कोवळे आहेत हे टेंडरोमीटर नावाच्या यंत्राने तपासून तोडणी ठरते. सोललेले दाणे एक-दोन मिनिटं कढत पाण्यातून किंवा वाफेतून काढतात. याला ब्लांचिंग म्हणतात, आणि ते शिजवण्यासाठी नसतं. दाण्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, नुसत्या थंडीने पुरती झोपत नाहीत. फ्रीजरमध्येही ती हळूहळू काम करत राहतात आणि काही महिन्यांत दाण्याला वाळल्या गवतासारखा वास येतो. कढत पाणी त्यांना कायमचं बंद करतं. रंग गडद हिरवा होतो तोही इथेच, कारण पेशींमधली हवा निघून जाते. त्यानंतर बर्फाळ हवेच्या झोतावर दाणे जवळजवळ उडवत गोठवतात आणि उणे 18 अंशांना ठेवतात.

घाई कशासाठी? पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, आणि सावकाश गोठलं तर बर्फाचे मोठे स्फटिक बनून पेशींच्या भिंती फाडतात. झटकन गोठवलं तर स्फटिक बारीक राहतात. अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्सआयने 1910च्या दशकात, आज कॅनडात असलेल्या लॅब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत हेच पाहिलं होतं: वाऱ्यावर क्षणात गोठलेला मासा पुढे शिजवला तरी चवीला ताजाच लागे. 1930 साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डमध्ये त्याच्या पद्धतीचे गोठवलेले पदार्थ दुकानात विकायला आले, त्यात मटारही होता.

आता पोषणाचं बोलू, कारण भांडण तिथेच असतं. प्रथिनं आणि तंतू यांत फारसा फरक पडत नाही. खरा प्रश्न क जीवनसत्त्वाचा, कारण ते पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने जातं. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांत 100 ग्रॅम कच्च्या ताज्या मटारात ते 40 मिलिग्रॅम आहे, गोठवलेल्यात 18. ताज्याचे पाठीराखे इथे थांबतात. पण तक्ता पुढे वाचावा: उकडलेल्या ताज्या मटारात 14, उकडलेल्या गोठवलेल्यात 10. ब्लांचिंगने जे घेतलं, तेच आपला कुकरही घेतोच. आणि त्या 40 मध्ये गोणीतले दिवस धरलेले नाहीत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या संशोधकांनी 2015 मध्ये आठ फळं-भाज्यांची तुलना केली, एक वाटा फ्रिजमध्ये आणि एक गोठवलेला. क जीवनसत्त्वात गोठवलेला माल कुठेच मागे नव्हता, काही ठिकाणी पुढेच होता. बीटा-कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते द्रव्य, मात्र काही भाज्यांत गोठवल्यावर बरंच घटलं. तेव्हा सरसकट निकाल नाहीच.

चवीत माझं मत सरळ आहे. मोसमात सकाळी आलेल्या कोवळ्या शेंगेला तोड नाही. मे महिन्यात महागड्या, सुरकुतलेल्या शेंगेपेक्षा पिशवीतला दाणा कधीही गोड. मटार लहान आणि घट्ट असल्याने गोठवणं सोसतो. फ्लॉवर लिबलिबीत होतो आणि काकडीचं तर पाणीच होतं. परदेशातली मराठी घरं मात्र गोठवलेली भेंडी, शेवग्याच्या शेंगा आणि खवलेला नारळ यांच्यावरच चालतात, तिथे तुलना करायला ताजं हाताशी नसतंच.

घरी मटार साठवायचा तर उकळत्या पाण्यात दीड मिनिट, लगेच गार पाण्यात, फडक्यावर कोरडा, मग ताटात पसरून गोठवायचा आणि त्यानंतर पिशवीत भरायचा. सोड्याची चिमूट टाळा. रंग टिकतो, पण ब1 आणि क जीवनसत्त्वं जातात. वापरताना वितळवत बसू नका, फ्रीजरमधून थेट फोडणीत. उसळीला पाच मिनिटं पुरतात, कारण दाणा अर्धा शिजलेलाच असतो. लिंबू मात्र खाली उतरवल्यावर पिळा, आम्लात उकळत राहिला की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटून दाणा शेवाळी पडतो.

सोललेला सुटा मटार फारच हिरवागार दिसला तर पाण्यात अर्धा तास ठेवून बघा. पाण्यात रंग उतरला तर तो मटार रंगवलेला.

आणि विकतची पिशवी घेताना हलवून बघा. दाणे खुळखुळले तर घ्या. वीट झाली असेल तर कुठेतरी, बहुधा वीज गेल्यावर किंवा रात्री फ्रीजरचं बटण बंद केल्यावर, दाणे वितळून पुन्हा सावकाश गोठले आहेत.