आगोट

आगोट म्हणजे कोकणात पावसाळ्यापूर्वी घर, होडी आणि कोठीघर यांची केली जाणारी तयारी. हा शब्द पावसाळ्याच्या आरंभालाही लावतात आणि त्यासाठी भरून ठेवलेल्या जिनसांनाही. वर्षाचा अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस येथे बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. वहाळ (ओढे) भरले, खाडी ओलांडणारी होडी, म्हणजे तर, बंद पडली आणि घरातली माणसे भातलावणीत गुंतली की आठवडी बाजार पूर्वी जवळजवळ तुटत असे. आगोटीची गरज त्यातून निर्माण झाली.

सर्वांत निकडीचे काम शाकारणीचे. मूळचा हा शब्द गवताने छप्पर आच्छादण्याचा, पण कौले आली तरी तोच टिकला. कौले उतरवून झाडायची, फुटकी बदलायची, कौलांखालच्या कुजलेल्या रिपा (लाकडी पट्ट्या) काढून पुन्हा रचायची, असे हे काम असते. माकडांचा उपद्रव असलेल्या गावांत ते आणखी वाढते. वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस मातीच्या भिंतींना छपरातून गळणाऱ्या पाण्याइतकाच घातक असल्याने पडवीच्या उघड्या बाजूंना झावळ्यांचे विणलेले झाप बांधले जात. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्याही झावळ्यांनी 'शाकारतात'. आता १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. परंपरेने मात्र समुद्र खुला होतो तो नारळी पौर्णिमेला.

मासळीचा हा खंड सुक्या जवळ्याने, बोंबलांनी, सोड्यांनी (सुकी कोळंबी) आणि खाऱ्या बांगड्याने भरून काढला जातो. त्यांच्याबरोबर तांदूळ, कडधान्ये, मसाला, आमसुले, कांद्याच्या माळा आणि फणसाचे पापड साठवतात. सरपण व गोवऱ्या कोरड्या जागी रचतात, कारण ओल्या लाकडावर चूल पेटत नाही. गोव्यात याच साठवणीला पुरुमेंत म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजमधून आलेला असून त्यानिमित्त मडगाव व इतर ठिकाणी फेस्त (जत्रा) भरते.

रस्ते, दुकाने आणि शीतपेट्या आल्यावर आगोट आटोपशीर झाली, आणि पत्र्याच्या छपरांनी शाकारणीही कमी केली. मात्र ही सारी व्यवस्था ठरल्या वेळी येणाऱ्या पावसासाठी आहे, चक्रीवादळासाठी नव्हे. ३ जून २०२० रोजी, मृग लागायला चार-पाच दिवस उरले असताना, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. कौले आणि पत्रे उडाले, नारळी-पोफळी उन्मळल्या आणि कित्येक घरांत भरून ठेवलेले धान्य भिजले.