बांगड्या कुणी खाल्ल्या, तलवार कुणी खाल्ली

प्रतापगडाच्या प्रकल्पासाठी आमच्या साताऱ्याच्या शाळेत चौथीच्या मुलांनी दोन व्हिडिओ केले. एकात निवेदन करणाऱ्या मुलीचा हिरवा चुडा गायब. पंजे मनगटापासून सुटे, मधल्या फटीतून गडाचा बुरूज दिसतोय. दुसऱ्यात मावळा झालेल्या पोराची पुठ्ठ्याची तलवार गायब. पोरगं नुसती मूठ उगारून गरजतंय. एक पालक म्हणाले, "सर, तुमची ग्रीन स्क्रीन गंडली की हो!"

पण ग्रीन स्क्रीन एकाच व्हिडिओत होती. पहिल्यात मागे हिरवं कापड टांगलं होतं. दुसरा मीटिंगच्या ॲपमध्ये आभासी बॅकग्राउंड लावून रेकॉर्ड केला होता. दोन्हीकडे मागे गड, पुढे पोर, म्हणून लोक दोन्हीला एकच नाव देतात.

ग्रीन स्क्रीनला माणूस कळत नाही, रंग कळतो. एडिटिंगच्या ॲपमध्ये 'क्रोमा की' निवडून हिरवा रंग दाखवला की त्या रंगाचं जे जे असेल ते पारदर्शक होतं, मग ते कापड असो की काकणं. हिरवाच का? आपल्या कातडीच्या रंगापासून तो लांबचा. शिवाय बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर एक लाल आणि एक निळा बिंदू असेल तर हिरवे दोन असतात. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. हिरव्याची माहिती जास्त मिळते, म्हणून कड स्वच्छ निघते.

आभासी बॅकग्राउंडला रंगाशी देणंघेणं नाही. माणूस कुठे संपतो याचा ते दर फ्रेमला अंदाज बांधतं. डोकं, खांदे त्याला ओळखू येतात. तलवार, पगडीचा तुरा, हातातली मशाल यांचा भरवसा नाही. हात जोरात फिरवला की बोटंसुद्धा जातात. एका जागी बसून बोलायचं असेल तर मात्र ते बरं, खर्च शून्य.

नाटुकलं असेल तर मी कापडच घेतो, कारण त्याच्या चुका हाताने दुरुस्त होतात. कापड पोपटी आणि न चमकणारं हवं. सॅटिन घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी. सुरकुती पडली की सावली पडते, आणि सावलीतला हिरवा ॲपला वेगळाच रंग वाटतो. म्हणून इस्त्री करा, चिमटे लावून ताणा आणि पंखा बंद ठेवा. आम्ही विसरलो होतो. कापड हललं आणि गडाच्या माचीवर मधूनच हिरवे डाग लुकलुकायला लागले. मुलाला कापडापासून पाच-सहा फूट पुढे उभं करा, नाहीतर कापडाचा हिरवा उजेड पांढऱ्या सदऱ्यावर आणि कानांच्या पाळ्यांवर चढतो. कापडावर सगळीकडे सारखा उजेड पडला तर निम्मं काम झालं.

चुडा आम्ही लाल केला आणि तो सीन पुन्हा घेतला. हिरवी नऊवारीच हवी असेल तर मागे निळं कापड लावायचं, तेही चालतं. आमची अडचण एवढीच की शाळेची पँट निळी आहे.