जुन्या जर्मन तीननळी बंदुका आणि घरी भरलेली काडतुसं : पार्श्वभूमी

ड्रिलिंग म्हणजे तीननळी बंदूक, बहुतेक वेळा वर छऱ्याच्या दोन नळ्या आणि खाली रायफलची एक. जर्मनीतलं झूल आणि ऑस्ट्रियातलं फेरलाख ही या कामात पिढ्यानपिढ्या मुरलेली गावं. रानात ससा उठेल की डुक्कर समोर येईल सांगता येत नाही, म्हणून एकाच बंदुकीत दोन्ही सोयी.

आता यांची काडतुसं लोक घरी का भरायला लागले, तर त्याचं मूळ १८८८ मध्ये आहे. त्या वर्षी जर्मन लष्कराने ८×५७ काडतूस (८ मिमीच्या आसपास नळी, ५७ मिमी लांब पितळी केस) घेतलं, गोळीचा व्यास साधारण ८.०८ मिमी. पुढे १९०५ ला लष्कर टोकदार, हलक्या आणि ८.२० मिमीच्या गोळीवर गेलं, पण शिकारी बंदुका बनवणारे जुन्याच मापाला कित्येक वर्षं धरून राहिले, म्हणजे ८×५७ नावाखाली दोन वेगळी मापं बाजारात. जुन्या मापाला जे म्हणतात, नव्याला जेएस. फरक फक्त ०.१२ मिमीचा, पण जाड गोळी अरुंद नळीत घुसवली की प्रेशर भयंकर वाढतं, आणि ड्रिलिंगसारखी नळ्या खाली झुकवून उघडणारी बंदूक माउझर या लष्करी रायफलच्या बोल्टइतकी मजबूत नसते. यात खरंच जीवाला धोका आहे, हे कुणी हलक्यात घेऊ नये.

मग आलं १९४५. एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्य झूलमध्ये शिरलं, जुलैत गाव रशियनांच्या ताब्यात गेलं, आणि मधल्या काळात सैनिकांनी जर्मनीतून अशा बंदुका आठवण म्हणून घरी नेल्या. बंदूक घरी आली पण काडतूस मिळेना! जुन्या मापाची गोळी अमेरिकन दुकानात नाही, आणि छऱ्याच्या १६ बोअर नळीचं चेंबर (काडतूस बसतं ती जागा) ६५ मिमीचं तर तिकडची काडतुसं ७० मिमीची. मग जाड गोळ्या डायमधून (पोलादी साच्यातून) दाबून बारीक करणं, ८.१५×४६आर या जुन्या जर्मन काडतुसासाठी .३०-३० या अमेरिकन काडतुसाच्या केसेस (पितळी नळकांड्या) कापून-दाबून घेणं असे उद्योग सुरू झाले.

प्रायमरचा, म्हणजे केसच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीचा, घोळ वेगळाच. बर्डन हा अमेरिकन माणूस पण त्याचा प्रायमर युरोपात रुजला, बॉक्सर इंग्रज पण त्याचा अमेरिकेत. बॉक्सरच्या केसला मधोमध एकच भोक, त्यातून पिन घातली की जुना प्रायमर पटकन बाहेर. बर्डनमध्ये मधोमध ऐरणीसारखा उंचवटा आणि बाजूला दोन बारीक भोकं, पिन घातली तर पिनच मोडते, म्हणून युरोपियन केस पुन्हा भरणं हे चिकाटीचंच काम.

आज चेकच्या सेलिए अँड बेलो या कंपनीकडे ९.३×७२आर हे जुनं रायफल काडतूस तयार मिळतं, पण या काडतुसाच्या जुन्या बंदुकांमध्ये नळीचं माप एकसारखं नाही आणि कित्येक नळ्यांवर काडतुसाचं पूर्ण नावही कोरलेलं नसतं, त्यामुळे जाणकार गनस्मिथ आधी मऊ शिशाची गोळी नळीतून हळूहळू ठोकत बाहेर काढतात, मायक्रोमीटरने मोजतात, चेंबरचा साचा काढतात आणि मगच कुठलं काडतूस चालेल ते सांगतात.