सारखं बघून मन घट्ट होत नाही

पुण्यात घरोघरी एक समज पक्का बसलाय, की टीव्हीवर स्फोट, अपघात, दंगल सारखं बघितलं की माणूस घट्ट होतो आणि चॅनल बदलणारा तो घाबरट. शिवाय त्रास व्हायचा तर तिथे असलेल्याला होईल, कोथरूडमध्ये सोफ्यावर बसलेल्याला कसला आलाय त्रास?

असं नसतं हो. २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनला बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या हजारो लोकांना विचारलं, तर पुढचा आठवडाभर रोज ६ तास किंवा जास्त ते कव्हरेज बघणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त निघाली! आता कोणी म्हणेल की मुळात काळजी करणारेच जास्त बघत असतील, आणि ते अगदीच चूक नाहीये, पण त्याच लोकांना पुढे काही वर्षं विचारत राहिल्यावर दिसलं की हे चक्रच आहे, जास्त बघितलं की धास्ती वाढते आणि धास्ती असली की पुढच्या घटनेला माणूस अजून जास्त बघतो.

घरी बसून बघणाऱ्यालाही त्रास होतो, कारण पुण्यातल्या जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० ला स्फोट एकदाच झाला, चॅनलवाले मात्र तीच दृश्यं लूपवर फिरवतात, वर ते म्युझिक.

बातमी कळायला सकाळचा पेपर आणि एखादं बुलेटिन पुरतं, उगाच जेवताना लावून ठेवू नका. घरात लहान मुलं असतील तर आधी बंद करा, त्यांना रिप्ले कळत नाही, ते परत परत नव्याने घडतंय असंच वाटतं.