सुलभीकृत आवृत्त्यांचे व्याकरण

अभिजात ग्रंथ आजच्या वाचकासाठी सोपा करताना शब्दांबरोबर विभक्ती, प्रयोग आणि वाक्यरचनाही बदलतात. मराठीत या बदलांचा विचार मुख्यतः ज्ञानेश्वरीच्या (शके 1212, इ. स. 1290) सार्थ व सुबोध आवृत्त्यांवरून करता येतो.

तुलनेसाठी मूळ पाठ कोणता धरावा, हा पहिला वाद आहे. एकनाथांनी शके 1506 (इ. स. 1584) मध्ये पाठशुद्धी केली आणि पुढे तोच पाठ रूढ झाला. वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये एकनाथपूर्व म्हणून प्रसिद्ध केलेल्या पाठात जुनी रूपे अधिक आढळतात व त्यांचे ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही त्यावर उभे आहे; परंतु त्या प्रतीच्या प्राचीनतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. केवळ रूपे जुनी असल्याने प्रत जुनी ठरत नाही, कारण नकलकार जुनी वळणे बुद्ध्याही जपतो. सुलभ आवृत्त्या बहुधा एकनाथी परंपरेच्या पाठावर बेतलेल्या असल्याने तुलनेसाठी तोच पाठ आधाराला घेणे अधिक सयुक्तिक दिसते.

‘आतां विश्वात्मकें देवें’ या चरणात विशेषण आणि नाम दोन्ही तृतीयेत आहेत. ‘विश्वात्मक देवाने’ असे लिहिले की विशेषणाची विभक्ती लोपते. ‘तयां सत्कर्मी रती वाढो’ येथील ‘तयां’ हे रूप प्रत्ययाविना चतुर्थीचे काम करते, तेथे आज ‘त्यांना’ येते. ‘वाढो’ मात्र बदलावे लागत नाही, कारण ‘होवो’, ‘जावो’ ही त्याच घडणीची रूपे अजून चालतात. चतुर्थीच्या प्रत्ययांपैकी ‘ला’ हा ‘लागि’ या शब्दयोगी अव्ययापासून आला, असे बहुतेक मानतात. ‘स’, ‘सि’ यांचा उगम संस्कृत षष्ठीच्या ‘स्य’मध्ये शोधण्याचे मत अधिक ग्राह्य वाटते, तरी तो वाद पूर्णपणे मिटलेला नाही. कोल्हापूरकडच्या बोलीत ‘त्यास्नी’, ‘आमास्नी’ ही रूपे आणि ग्रामीण भागात ‘म्या’ हे रूपही ऐकू येते. ओवीतील ‘म्यां’ तेथील श्रोत्याला त्यामुळे परके वाटण्याचे कारण नाही, तथापि सुलभकार प्रमाण भाषेतील ‘मी’ हेच रूप योजतात.

सर्वांत मोठे अंतर प्रयोगात पडते. ‘अवधारिजो जी’ यातील ‘इज’ प्राकृत ‘इज्ज’ या कर्मणी प्रत्ययाचा वारस असून त्याला येथे आदरार्थाची छटा आली आहे. ‘ऐकावे’ असे रूपांतर केल्यास ती छटा काहीशी टिकते. केवळ ‘ऐका’ म्हटल्यास कर्मणी घडण पूर्णपणे नाहीशी होते आणि श्रोत्यांपुढची विनवणी साधी आज्ञा होऊन बसते. हे रूप सोपे करताना म्हणूनच अधिक काळजी घेणे आवश्यक आहे.

महानुभावीय गद्याची वाक्ये मुळातच आखूड असल्याने तेथे फेरफार कमी होतो. ‘सर्वज्ञें म्हणितलें’ (सर्वज्ञ म्हणजे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी) याचे ‘सर्वज्ञ म्हणाले’ झाले की प्रयोग मात्र कर्तरी होतो.

मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनुसार केशवसुतपूर्व पद्य व विष्णुशास्त्री चिपळूणकरपूर्व गद्य मूळानुसार छापावयाचे असते. त्यामुळे एकाच पानावर ओवीतील ‘देवें’ अनुस्वारासह राहते आणि खालचा अर्थ अनुच्चारित अनुस्वाराविना छापला जातो. पारायणात ओवी मूळ रूपातच वाचली जाते. प्रचलित व्याकरण निरूपणापुरते येते.