माँटगोमेरी बस बहिष्कार

अमेरिकेतील वांशिक विभाजनाविरुद्धच्या नागरी हक्क चळवळीतील एक महत्त्वाचा लढा. अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी येथील कृष्णवर्णीय नागरिकांनी ५ डिसेंबर १९५५ ते २० डिसेंबर १९५६ या काळात शहर बससेवेवर बहिष्कार टाकला. लढ्याचा कालावधी सामान्यतः ३८१ दिवस दिला जातो. पहिला व अखेरचा असे दोन्ही दिवस धरल्यास तो ३८२ भरतो.

आसनव्यवस्था : बसमधील ३६ आसनांपैकी पुढची १० गोऱ्यांसाठी राखीव असत, बस कृष्णवर्णीयांनी खचाखच भरली तरी ती रिकामीच ठेवली जात. मागची १० रूढीने कृष्णवर्णीयांची. मधल्या १६ आसनांतील सीमारेषा मात्र चालक ठरवी व हवी तेव्हा मागे सरकवी. पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचे आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचे, अशीही सक्ती अनेक चालक करीत. उतारू मागे पोहोचण्याआधीच बस सुटल्याच्या तक्रारी वारंवार आढळतात. प्रवाशांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीयच होते.

रोझा पार्क्स (१९१३–२००५) या १ डिसेंबर १९५५ रोजी मधल्या भागात बसल्या होत्या, पुढच्या राखीव भागात नव्हे. एका गोऱ्या प्रवाशाला जागा न मिळाल्याने उभे राहावे लागले, तेव्हा त्यांच्या रांगेतील चौघांनाही उठण्यास सांगण्यात आले. कारण गोऱ्या माणसाच्या रांगेत कृष्णवर्णीयाने बसणे निषिद्ध होते. तिघे उठले, पार्क्स उठल्या नाहीत. पार्क्स यांच्या अटकेला नगरपालिकेच्या नियमाचा आधार घेण्यात आला. पण आपल्या वंशासाठीची दुसरी जागा रिकामी असेल तरच हलण्याचे बंधन त्या नियमात होते, आणि मागे जागा नव्हती. खटल्याच्या वेळी सरकारी पक्षाने राज्याच्या कायद्याकडे धाव घेतली, ती या अडचणीमुळेच असावी. १० डॉलर दंड व ४ डॉलर खर्च अशी शिक्षा झाली.

उगमाविषयी मतभेद : पार्क्स थकल्यामुळे उठल्या नाहीत ही लोकप्रिय कथा टिकणारी नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेत त्या कित्येक वर्षे चिटणीस होत्या. जुन्या ग्रंथांत बहिष्काराचे श्रेय मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) यांना, तर काहींत रेल्वे-कामगार नेते ई. डी. निक्सन यांना मिळते. स्थानिक महाविद्यालयातील प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांच्या १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींनंतर त्या अध्यक्ष असलेल्या महिला राजकीय परिषदेकडे (कृष्णवर्णीय महिलांची स्थानिक संघटना) लक्ष वळले, आणि उपलब्ध पुरावा याच मताकडे झुकतो. रॉबिन्सन यांनी २१ मे १९५४ रोजीच महापौरांना बहिष्काराच्या शक्यतेची लेखी सूचना दिली होती. अटकेच्या रात्री महाविद्यालयाच्या चक्रमुद्रण यंत्रावर त्यांनी हजारो पत्रके छापली. संख्या ३५,००० पासून ५२,५०० पर्यंत दिली जाते.

त्याआधी २ मार्च १९५५ रोजी पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्व्हिनलाही याच प्रकारे अटक झाली होती. तिच्या नावावर लढा उभारण्यास नेते कचरले; तिचे गरोदरपण हे कारण सांगितले जाते, पण कालक्रम पाहता ते निर्णायक नसावे. तिचे वय व कुटुंबाची गरिबी ही कारणे अधिक संभाव्य वाटतात. लुइझियानातील बॅटन रूज येथे जून १९५३ मध्ये झालेल्या अल्पकालीन बहिष्कारातील मोफत वाहतुकीचा अनुभवही माँटगोमेरीकरांच्या उपयोगी पडला.

लढ्याचे स्वरूप : सव्वीस वर्षांच्या किंग यांच्या अध्यक्षतेखाली माँटगोमेरी सुधार संघ स्थापन झाला. त्याच्या सुरुवातीच्या मागण्या आश्चर्य वाटावे इतक्या मवाळ होत्या : सौजन्याची वागणूक, कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक, आणि मागून कृष्णवर्णीय व पुढून गोरे अशी येईल त्या क्रमाने आसने. विभाजन रद्द करण्याची मागणी त्यांत नव्हती. टॅक्सीवाले बसइतकेच १० सेंट घेऊ लागले, तेव्हा प्रशासनाने ४५ सेंटांच्या किमान भाड्याचा नियम काढला. मग खासगी मोटारींची व चर्चच्या गाड्यांची योजना उभी राहिली. विमा रद्द होऊ लागल्यावर तो लंडनच्या लॉइड्समधून मिळविण्यात आला. जॉर्जिया गिलमोर व त्यांच्या सोबतिणी तळलेली कोंबडी, सँडविच व केक विकून निधी जमवीत.

गांधीजींचा प्रभाव आरंभापासून होता काय, याविषयी एकमत नाही. चर्चची परंपरा हा मूळ आधार असावा आणि गांधीविचाराची शिस्त फेब्रुवारी १९५६ मध्ये अहिंसावादी कार्यकर्ते बेयर्ड रस्टिन आल्यानंतर पक्की झाली असावी. किंग यांनी १९५९ मध्ये भारताचा दौरा केला. मुंबईत ते मणिभवनात उतरले होते.

निकाल व परिणाम : वकील फ्रेड ग्रे यांनी कॉल्व्हिनसह इतर महिलांच्या वतीने स्वतंत्र संघीय दावा लावला (१ फेब्रुवारी १९५६). पार्क्स यांचे अपील प्रलंबित असल्याने त्यांना मुद्दाम वगळण्यात आले. तीन न्यायाधीशांच्या न्यायालयाने ५ जून रोजी दोन विरुद्ध एक असा निकाल देऊन बसमधील विभाजन घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबरला तो कायम केला. आदेश शहरात पोहोचल्यावर बहिष्कार संपला. त्यानंतर बसवर गोळीबार झाले, जानेवारी १९५७ मध्ये चर्चवर बाँब टाकले गेले. बसखेरीज इतर सार्वजनिक जागांना हा निकाल लागू नव्हता. नगरपालिकेने १९५७ मध्ये गोऱ्या व कृष्णवर्णीयांनी एकत्र पत्ते किंवा सोंगट्या खेळण्यासही बंदी घातली. उद्याने खुली करण्यासाठी गिलमोर व इतरांनी दावा लावल्यावर १ जानेवारी १९५९ पासून शहरातील सर्व उद्याने बंद करण्यात आली. त्यांपैकी ओक पार्क १९६५ मध्ये पुन्हा उघडले.